मनाई, निषेध आणि मधला 'नये'

वर्तमानपत्राच्या पुणे आवृत्तीत एकाच पानावर पुष्कळदा दोन बातम्या शेजारी शेजारी येतात. एकीत कुठल्या तरी घटनेचा जाहीर निषेध केलेला असतो, दुसरीत पोलिसांनी मनाई आदेश जारी केलेला असतो. निषेध करणारी माणसे कोणाला काही करण्यापासून अडवत नाहीत. काळ्या फिती लावून, घोषणा देऊन ती झाल्या गोष्टीबद्दलचा राग नोंदवतात. पोलिसांचा आदेश मात्र अजून न झालेल्या गोष्टीला आडवा येतो. संस्कृतात हे दुसरे काम 'निषेध' या शब्दाचे होते. मराठीत येऊन त्याने आपले तोंडच फिरवले. जो शब्द पुढच्या कृतीला अडवायचा, तो मागच्या कृतीला दोष देऊ लागला.

जुना अर्थ मेलेला नाही, जोडशब्दांत आणि विशेषणांत तो टिकून आहे. 'त्याला कसला विधिनिषेध नाही' असे आपण अजून म्हणतो. 'प्रवेश निषिद्ध' ही पाटी कळायला कोणाला अडचण येत नाही. संविधानाच्या मराठी पाठात उच्च न्यायालयाच्या प्राधिलेखांची (रिटची) जी यादी आहे, तिच्यात 'प्रतिषेध' आहे: खालच्या न्यायालयाला किंवा न्यायाधिकरणाला अधिकार नसताना ते एखादे प्रकरण चालवत असेल, तर निकाल लागण्याआधीच त्याला थांबवणारा हुकूम. पण नुसता 'निषेध' मराठी कानाला आता धिक्कारासारखाच लागतो. पुणे स्टेशनवर हिंदीत 'धूम्रपान निषेध' लिहिलेले असते, ते हिंदीत बिनचूक आहे. तेच जसेच्या तसे मराठी पाटीवर उतरवले की धूम्रपानाविरुद्ध सभा भरल्यासारखे वाटते. दिल्लीहून आलेल्या हिंदी मजकुरातली 'निषेधाज्ञा' मराठीत आणताना 'मनाई आदेश' असेच आणावे लागते. जे आणत नाहीत, ते वाचकाला कोड्यात टाकतात.

म्हणजे मराठीत अडवण्याचे अधिकृत काम अरबी-फारसीच्या वाटेने आलेल्या 'मनाई'ने उचलले आहे. कोर्ट, कचेरी, पोलीस ठाणे, बागेचे फाटक, सगळीकडे हाच शब्द. तो नीट वाचणे आणि नीट लिहिणे याला मी फार महत्त्व देतो. मनाईच्या एका ओळीवर कोणाच्या घराची भिंत, कोणाचा शेतरस्ता आणि कधी कधी एखाद्या मुलीचे सगळे आयुष्य अवलंबून असते.

अडवणाऱ्या वाक्याचा आपल्याकडे सर्वांत कसून विचार केला तो मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी. अप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाने शाबरभाष्यासह मीमांसादर्शन छापले. चौकातल्या पुस्तकांच्या गर्दीत त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही, पण कायदा वाचणाऱ्याने एकदा तरी त्यात डोकवावे. मीमांसेत वेदवाक्यांचे पाच प्रकार मानतात: विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. माणसाला कृतीपासून मागे फिरवते ते वाक्य म्हणजे निषेध. त्याचे ठरलेले उदाहरण 'न कलञ्जं भक्षयेत्', कलंज (एक अभक्ष्य पदार्थ) खाऊ नये. यातला 'न' नेमका कशाला चिकटतो, यावर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. तो कलंजाला चिकटला तर अर्थ होईल 'कलंज सोडून दुसरे काहीतरी खावे'. खाण्याला चिकटला तर 'न खाण्याची क्रिया करावी'. मीमांसक म्हणतात, तो चिकटतो क्रियापदातल्या आज्ञेच्या अंशाला. आज्ञा माणसाला पुढे ढकलते, 'न' तिला उलटवतो आणि माणूस मागे वळतो.

मराठीचा 'नये' हेच काम चोख करतो. 'खाऊ नये' या दोन शब्दांत खाणे जसेच्या तसे राहते आणि नकार फक्त करण्या-न करण्यावर बसतो.

याच्या शेजारी दुसरा प्रकार आहे, पर्युदास. 'उगवत्या सूर्याकडे पाहू नये' हे वाक्य वरवर निषेधासारखेच दिसते. पण ते व्रतांच्या संदर्भात येते, म्हणून त्याचा अर्थ 'न पाहण्याचा संकल्प करावा' असा लावतात. इथे कोणी कोणाला अडवत नाही, माणूस स्वतःवर एक न-करणे घेतो. मला यावरून गाण्यातला 'वर्ज्य' आठवतो. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. पंचम लावल्याबद्दल दंड करणारा कोणी नसतो, पण तो सोडण्याचा निश्चय केल्याशिवाय मालकंस उभाच राहत नाही. 'वर्ज्य' आणि 'मनाई' यांत हा फरक आहे, म्हणून पथ्याच्या कागदावर वैद्य 'आंबट वर्ज्य' लिहितात आणि तेच बरोबर आहे.

मीमांसकांचा तिसरा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: प्राप्ती असेल तरच प्रतिषेध. जी गोष्ट कोणी करण्याची शक्यताच नाही, तिला मनाई करता येत नाही. 'पृथ्वीवर अग्नी रचू नये, अंतरिक्षात रचू नये, द्युलोकात रचू नये' असे एक वाक्य आहे. अंतरिक्षात अग्नी रचणार कोण आणि कसा? मग हा निषेध होऊच शकत नाही, ही दुसऱ्या विधीची स्तुती आहे, असा निर्णय ते देतात. मनाई लिहायची असेल तर आधी कोणी, कुठे, काय करायला निघाले आहे ते सांगता आले पाहिजे, एवढा याचा व्यवहारातला अर्थ. पुढे शिवाजीनगरच्या कोर्टापर्यंत हाच नियम आपल्याबरोबर येतो.

आधी पाट्यांचे बघू. मराठीत अडवण्याच्या वाक्याचे निदान चार साचे आहेत आणि प्रत्येकाचे वजन वेगळे. 'फुले तोडू नयेत' ही विनंतीकडे झुकलेली सूचना, मोडली तर फार तर कोणी रागावेल. 'फुले तोडण्यास मनाई आहे' म्हटले की मागे कोणीतरी अधिकारी उभा राहतो. 'सक्त मनाई' म्हणजे अपवाद मागू नका. 'फुले तोडता कामा नयेत' हे वडीलधाऱ्यांचे बोलणे, पाटीवर ते शोभत नाही. शिवाय 'फुले तोडता येणार नाहीत' असा आणखी एक साचा हल्ली बोकाळला आहे, जणू फुलांचे देठच लोखंडी आहेत. नियमाच्या मसुद्यात हा साचा घोटाळा करतो. 'सभासदास वाहनतळ भाड्याने देता येणार नाही' याचा अर्थ तसे देणे गुन्हा आहे, की दिले तरी तो व्यवहार रद्द समजायचा? वाक्य त्याबद्दल काहीच बोलत नाही आणि पुढची वार्षिक सभा त्याच वादात जाते.

मनाई पुरी व्हायला पाच गोष्टी लागतात: कोणी केली, कोणाला, कशाची, कुठे व कधीपर्यंत, आणि मोडल्यास काय. सोसायटीच्या फलकावर बहुधा तिसरी तेवढी असते. 'बाहेरील वाहनांना मनाई, आदेशावरून' असे लिहितात, पण आदेश कोणाचा? कार्यकारी समितीचे परिपत्रक, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि नोंदणीकृत उपविधी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीच्या विरुद्ध मनाई करता येत नाही. पाटीखाली ठरावाची तारीख घातली तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

नीट रचलेल्या पाटीचा नमुना हवा असेल तर सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे २००८ चे नियम पाहावेत. फलक किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. त्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ, त्याची लाल कड किमान ३ सेंटिमीटर रुंद, आत धूर सोडणारी सिगारेट किंवा बिडी आणि तिच्यावरून आडवा लाल पट्टा. फलक प्रवेशद्वारावर हवा, प्रत्येक मजल्यावर हवा, जिन्यात आणि लिफ्टच्या तोंडाशीही हवा. तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव लावलेले हवे. दंड २०० रुपयांपर्यंत. पाचही प्रश्नांची उत्तरे इथे मिळतात आणि फलकाच्या जागा बघा: माणूस जिथे काडी पेटवण्याचा संभव आहे, नेमक्या तिथे. प्राप्ती तिथे प्रतिषेध.

सरकारच्या आधी आणि सरकारच्या बरोबरीने समाजही मनाई करत आला. जुन्या मराठी कागदांत 'द्वाही' किंवा 'दुराही' भेटते, राजाची आण घालून केलेली अडवणूक. वादातल्या जागेवर काम चालू असेल तर दुराही दिली की ते थांबायचे. तिच्यापेक्षा कठोर होते ते ग्रामण्य, म्हणजे जातीने घातलेला बहिष्कार. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. हजर मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशांनी नावे छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्यांनी नेमलेल्या आयोगापुढे चौकशी चालली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. ग्रामण्याची मनाई गुन्हेगाराला उद्देशून नसते हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. 'याच्या घरी जेवू नये, याला मुलगी देऊ नये, याच्याकडे श्राद्धाला जाऊ नये' अशी ती इतर सर्वांना केलेली असते. ज्याला वाळीत टाकले त्याला कोणी काहीच करू नका असे सांगत नाही, फक्त त्याच्याभोवतीचे सगळे दरवाजे बंद होतात. म्हणून ती इतकी क्रूर. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. जातपंचायतीने असा बहिष्कार घातला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मनाई करण्यालाच मनाई करणारा हा कायदा मला राज्याच्या चांगल्या कामांपैकी वाटतो.

'बंदी'बद्दल थोडक्यात. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ही राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारच्या ग्रामसभांची भाषा, त्यात गाव स्वतःला बांधून घेते. 'बंदी' सर्वांना सारखी लागते, 'मनाई' एखाद्याच माणसाला करता येते. दारूबंदीत गंमत अशी की महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने मूळ नियम बंदीचाच आहे, परवाना हा त्याला अपवाद. म्हणून पिणाऱ्याच्याही नावाचा परवाना असतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. पुण्यातल्या परमिट रूमच्या नावातले 'परमिट' तेच.

पोलिसांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मनाईबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो. लोक अजून '१४४ लागले' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ते कलम १६३ झाले. आदेश लेखी हवा, त्यात प्रकरणाची मुख्य तथ्ये हवीत, आणि तो दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. राज्य सरकारने वाढवला तरच पुढे जास्तीत जास्त सहा महिने. तो एका माणसाला उद्देशून काढता येतो, एखाद्या भागात राहणाऱ्यांना किंवा तिथे येणाऱ्या सर्वांनाही. पुणे शहरात दुसराही रस्ता आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. पोट-कलम १ खाली शस्त्रे, सोटे, दगड बाळगण्याला मनाई, पोट-कलम ३ खाली जमावाला. ही दुसरी मनाई सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून ते आदेश पंधरवड्याचे असतात. 'पाच किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र जमण्यास मनाई' हे त्यातले नेहमीचे वाक्य. ही झाली जमावबंदी. संचारबंदी वेगळी, तिच्यात एकट्यानेही बाहेर पडायचे नसते. बातमीत एकीच्या जागी दुसरी छापली की किराणा आणायला निघालेली म्हातारी माणसे उगीच घाबरतात.

आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, माणसांच्या जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या परिसरातल्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. अशा ठिकाणांसाठी पावसाळ्यात कलम १६३ खाली आदेश निघतात. पाण्यात उतरू नये, कड्याच्या टोकाला सेल्फी काढू नये, असे त्यात असते. हे आदेश जीव वाचवू शकतात असे मी मनापासून मानतो. पण आदेश कलेक्टर कचेरीच्या फलकावर आणि माणूस धबधब्यात, असे झाले तर काय उपयोग? पाणी अचानक वाढते ते वर पाऊस झाल्याने, आणि खाली उभ्या असलेल्याला वरचा पाऊस दिसत नाही. हे कारण दोन ओळींत पायवाटेच्या सुरुवातीलाच लिहिले पाहिजे. 'सक्त मनाई'पेक्षा 'वर पाऊस पडला की इथे काही मिनिटांत पाणी चढते' हे वाक्य पाय मागे घ्यायला लावते.

आता कोर्टातला मनाई हुकूम. हा शब्द सामान्य माणसाच्या आयुष्यात सर्वांत खोल शिरतो आणि सर्वांत चुकीचा समजला जातो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात 'स्टे मिळाला' हे दिवसभर ऐकू येते. त्यातले पुष्कळ स्टे नसतातच. स्थगिती मिळते ती एखाद्या आदेशाला, कारवाईला किंवा निकालाच्या अंमलबजावणीला. मनाई होते ती माणसाला. आणि 'जैसे थे' म्हणजे आज जे आहे ते तसेच दोघांनीही ठेवायचे. 'जैसे थे'मध्ये मोठी खोट अशी की आज काय आहे हेच कोर्टाने लिहिले नाही, तर दोन्ही बाजू आपापला कब्जा 'जैसे थे' म्हणून सांगतात आणि त्याच संध्याकाळी जागेवर भांडण होते. हुकूम निघण्याआधी कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करून घेतली, निदान तारखेसह फोटो दाखल केले, तर ही खोट भरते.

मनाईच्या दाव्यात दावा निशाणी १ ला आणि तातडीचा अर्ज निशाणी ५ ला लागतो; निशाणी म्हणजे कोर्टात दाखल कागदाचा क्रमांक. म्हणून वकील मंडळी 'पाचवर आज युक्तिवाद आहे', 'पाच मंजूर झाला' असे बोलतात. हा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ व २ खाली. दाव्याच्या शेवटी मिळते ती निरंतरची मनाई, ती १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाखाली. निशाणी पाचवर कोर्ट तीन गोष्टी पाहते: वादीच्या म्हणण्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, मनाई दिल्याने किंवा न दिल्याने कोणाची जास्त गैरसोय होईल, आणि मनाई नाकारली तर पैशाने भरून न निघणारे नुकसान होईल का. तिन्ही जमल्या पाहिजेत.

अर्ज फसतात ते बहुधा इथे. 'प्रतिवादीने वादीच्या वहिवाटीस हरकत अडथळा करू नये' एवढेच लिहिलेले असते. कसला अडथळा? मुरूम टाकणे, तारेचे कुंपण घालणे, जेसीबी लावून बांध फोडणे, मिळकत त्रयस्थाला विकणे, यांतले जे प्रतिवादी करायला निघाला आहे ते नाव घेऊन आणि तारखेसह लिहायला हवे. 'ते काहीतरी करतील अशी भीती वाटते' यावर मनाई मिळत नाही, कोर्ट प्राप्तीच विचारते. दुसरी चूक वर्णनाची. गट नंबर आहे, क्षेत्र आहे, पण चतुःसीमा नाहीत, किंवा सातबारावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताब्यातले क्षेत्र जुळत नाही. हवेली किंवा मुळशीत एका गटाचे गुंठ्यांनी तुकडे पडले असतील, तर पूर्वेला कोण आणि दक्षिणेला कोणाचा रस्ता हे न लिहिता मिळवलेली मनाई जागेवर लावताच येत नाही. हातनकाशा जोडावा, मोजणी झाली असेल तर तिची प्रत जोडावी.

तिसरी चूक मुळातली. भावाभावांत वाटप झालेले नसेल, तर एका सहहिस्सेदाराला दुसऱ्याविरुद्ध कब्जाची मनाई सहसा मिळत नाही. तिथे वाटपाचा दावा लागतो. मालकीवरच गंभीर वाद असेल तर नुसत्या मनाईचा दावा पुरत नाही, मालकीच्या घोषणेचीही मागणी करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या अनथुला सुधाकर निकालात हे नीट उलगडले आहे. आणि मनाई मिळाली म्हणजे मालकी ठरली, हा समज तर समूळ काढून टाकावा. तूर्तातूर्त मनाई मालकी ठरवत नाही. शेतरस्ता कोणी अडवला असेल तर दिवाणी कोर्टाआधी तहसीलदारांकडे जाता येते, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपसांत मिटेल म्हणून लोक थांबतात आणि ही मुदत हातची जाते.

समोरच्याला न ऐकता मनाई मिळते, पण ती अपवाद म्हणून. नोटीस दिली तर हेतूच फसेल असे कोर्टाला वाटले पाहिजे आणि तशी कारणे त्याने नोंदवली पाहिजेत. हुकूम मिळाल्यावर वादीने अर्ज, शपथपत्र, दावा आणि कागदपत्रे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रतिवादीला पोचवायची आणि तसे शपथपत्र दाखल करायचे. हे राहिले की चांगल्या मनाईलाही धोका पोचतो. आपल्याविरुद्ध असा अर्ज येईल अशी शंका असेल, तर कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करावे, ते नव्वद दिवस टिकते. तोवर आपल्याला नोटीस मिळते आणि म्हणणे मांडता येते. मनाई मोडली तर नियम २-अ खाली अर्ज द्यावा. कोर्ट मिळकत जप्त करू शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकते. मात्र हुकूम त्या माणसाला माहीत होता हे दाखवावे लागते, म्हणून बजावणीचा कागद जपून ठेवावा.

या सगळ्यापेक्षा जास्त जीव लावून मला एका मनाई हुकुमाबद्दल लिहायचे आहे. बालविवाहाविरुद्धचा जुना कायदा १९२९ चा, आताचा २००६ चा. इंग्रजीत पहिल्याच्या नावात रोखणे आहे, दुसऱ्याच्या नावात मनाई. मराठीत दोन्ही 'बालविवाह प्रतिबंधक' म्हणूनच ओळखले जातात, त्यामुळे फरक झाकला जातो. अठरा वर्षांखालच्या मुलीचे किंवा एकवीस वर्षांखालच्या मुलाचे लग्न लावणे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण लागलेले लग्न आपोआप रद्द होत नाही. जी अज्ञान होती तिने स्वतः न्यायालयात जाऊन, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, ते रद्द करून घ्यायचे असते. किती मुलींना हे शक्य होत असेल? सासरी गेलेली, पदरात मूल असलेली वीस वर्षांची मुलगी कोर्टाची पायरी कशी चढणार?

कलम १३ आणि १४ इथे कामाला येतात. बालविवाह ठरला आहे किंवा लागण्याच्या बेतात आहे असे न्यायदंडाधिकाऱ्यांना कळले, तर ते मनाई हुकूम काढू शकतात. प्रतिबंधक अधिकाऱ्याच्या अर्जावर, कोणाच्या तक्रारीवर, किंवा विश्वासार्ह माहितीवरून स्वतःहूनही. हुकूम कोणाही व्यक्तीविरुद्ध निघू शकतो, आईबापांपुरताच नव्हे. गुरुजी, कार्यालयाचे मालक, मध्यस्थ, सगळे त्यात घेता येतात. एरवी आधी नोटीस द्यावी लागते, पण तातडी असेल तर नोटिशीशिवायही अंतरिम मनाई देता येते. आणि हा हुकूम असताना लग्न लावले, तर ते लग्न कलम १४ प्रमाणे मुळातच रद्द. मुलीला पुढे कोर्टात जाऊन ते रद्द करून घेण्याची गरज नाही. एका कागदाने एवढा फरक पडतो, म्हणून लग्नाच्या दिवशी मांडवात जाऊन आरडाओरडा करण्यापेक्षा दोन दिवस आधी हुकूम मिळवण्याची धडपड करावी.

त्यासाठी काय लागते? मुलीच्या वयाचा पुरावा: जन्मदाखला, नाही तर शाळेतल्या नोंदीचा उतारा, शाळेचे मुख्याध्यापक इथे मोठी मदत करू शकतात. लग्नाची तारीख आणि मुहूर्ताची वेळ, जागेचा पूर्ण पत्ता, दोन्हीकडच्या पालकांची नावे, मिळाल्यास पत्रिकेचा फोटो. साखरपुडा झाला आहे, हॉल बुक आहे, कपडे घेतले आहेत, हे तपशील द्यावेत, कारण लग्न 'ठरले आहे' हे त्यांवरून दिसते. 'गावात अशी लग्ने होतात' एवढे सांगून हुकूम मिळत नाही. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविकेला बहुधा सगळ्यांच्या आधी कळलेले असते. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात या दोघांचे फोन चालू हवेत. कोणीच सापडले नाही तर १०९८ फिरवावा. तो चोवीस तास चालतो आणि फोन करणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे नाही.